दुसरा ठिपका

७ जून

भावजी,

सुरुवातीला काय लिहायचं याचा तीन दिवस विचार केला आणि शेवटी ती ओळच गाळली. पत्र कामाचं आहे, तेव्हा कामावरच येते.

तुमचा जुना नंबर लागत नाही. पत्ता जाऊबाईंकडून घेतला. त्या म्हणाल्या, "ताई, पत्ता देते, नंबर देणार नाही. पत्र नको असलं तर बाजूला ठेवता येतं." तुम्हाला बाजूला ठेवायचं असेल तर निदान एक कोरं कार्ड टाका, म्हणजे मी वाट पाहत बसणार नाही.

ह्यांनी आणि तुम्ही मिळून जोडलेला कॉम्प्युटर अजून छापखान्यातच आहे, खिडकीखालच्या टेबलावर. बारा वर्षं झाली त्याला. सगळे स्क्रू ह्यांनी चाचपून बसवले आणि डोळस धाकटा भाऊ नुसता बॅटरी धरून उभा होता, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली, कॉम्प्युटर मात्र चालतोय. चालतोय म्हणजे रखडतोय. एक पान उघडेपर्यंत माझा चहा उकळून होतो.

अंध मुलांच्या शाळेचं विज्ञानाचं पुस्तक हातात आहे. ब्रेलमध्ये त्याचे चार भाग होतात, प्रती तीस, आणि सप्टेंबर लागायच्या आत द्यायच्या आहेत. चाळिसाव्या पानाच्या पुढे गेलं की कॉम्प्युटर थिजतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे टेस्टर म्हणतात, खिशाला कायम टेस्टर असतो म्हणून. तो म्हणाला, "रॅम कमी पडतेय, वाढवा." दोन-दोन गिगाच्या दोन पट्ट्या त्याने दिल्या. लावून देतो म्हणाला, तर मीच म्हटलं की राहू दे, माझ्या दिराला शंभर वेळा लावताना पाहिलंय.

पाहणं वेगळं, हे आता कळलं. जुन्या दोन काढल्या, नव्या दोन लावल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि आतून तीन लांब बीप आले. थोडं थांबून परत तीन. जुन्या लावल्या तर सुरू होतो, पण पुन्हा तेच रडगाणं.

नवा कॉम्प्युटर घ्या असं सगळे म्हणतात. छापयंत्राची ती जाडी केबल नव्याला लागत नाही आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम नव्यावर चालत नाही. टेस्टरने आठवडाभर खटपट केली. यंत्राने कोरे कागद तेवढे ओकले.

तीन बीप म्हणजे काय आणि आता काय करू, एवढंच सांगा. तक्त्यांचं प्रकरण मी या पत्रात काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

वहिनी


१८ जून

भावजी,

कार्ड मिळालं. सात ओळी, सातही कामाच्या. वर नाव नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र बदललंय तुमचं, पूर्वीपेक्षा मोठं झालंय.

तुम्ही लिहिलंत तसं केलं. वायर भिंतीतून काढली, बटण दाबून धरलं, पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, मऊ कापडाने पुसलं. एका वेळी एकच पट्टी. "दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप मिटेपर्यंत दाबा, बोर्ड मोडत नाही" हे लिहिलंत ते बरं झालं. मी बोर्ड मोडेल या भीतीने नुसती टेकवत होते. अंगठ्यांनी जोर लावला, कट्कन आवाज आला आणि पडदा उजळला. दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत बोलेना, तिसऱ्या खाचेत बोलली. म्हणजे दोन्ही लागल्या. चार गिगा.

पडद्यावर मात्र सव्वातीनच दिसतात. टेस्टरला विचारलं, माझा पाऊण गिगा कुठे गेला? तो म्हणाला, "अहो, मशीन म्हातारं आहे, त्याला तेवढंच मोजता येतं." तुमच्या कार्डावर शेवटची ओळ तीच होती, "पाऊण दिसणार नाही, बिघाड नाही," त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मीच घोळ घातला. बोर्डावर दोन खाचा रिकाम्या दिसत होत्या, एक तर मुकी, एक चांगली. मुकी खाच नीट झाडली तर तीही बोलू लागली. मग घरात पडलेल्या जुन्या दोन पट्ट्या का वाया घालवा, म्हणून त्याही लावल्या. आता चार पट्ट्या झाल्यात आणि कॉम्प्युटर विसाव्या पानालाच निळा पडदा दाखवून बंद पडतो. आधीपेक्षा वाईट.

आज दिवसभरात अकरा वेळा सुरू केला. पाठ भरून आली. टेबलाखाली वाकून वाकून मानेत उसण भरलीय ती वेगळीच. मला आता बावन्नावं चालू आहे भावजी, आणि हे काम माझं नव्हतं कधी.

बाई अजून रोज येतात. संगीताच्या शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हा दोन महिने प्रूफं वाचून देते म्हणाल्या होत्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. बोटं तशीच तरबेज, गुडघे मात्र गेले. तुमचं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिलेलं पत्रसुद्धा असंच, नुसतं कामाचं होतं?"

"हो," म्हटलं.

"बरं," म्हणाल्या. त्यांचं बरं तुम्हाला माहीत आहे.

चार पट्ट्यांचं काय करू ते कळवा.

वहिनी


३० जून

भावजी,

दुसरं कार्ड मिळालं. यात पाच ओळी. जुन्या पट्ट्या काढल्या. जुनं नवं एकत्र नांदत नाही हे लिहायला तुम्ही विसरला नाहीत, ते रॅमबद्दलच आहे असं मी धरते.

चारही पट्ट्या एकेक करून तपासा म्हणालात, आणि "जुन्याही" या शब्दाखाली दोन रेघा ओढल्यात. टेस्टरकडून मेमरी तपासायची सीडी आणली. कॉम्प्युटर त्या सीडीवर सुरू होतो, निळ्या पडद्यावर आकडे पळत राहतात आणि चूक सापडली तर तांबडी ओळ उमटते. एका पट्टीला पूर्ण दिवस. सकाळी दार उघडलं की लावायची, संध्याकाळी कुलूप लावताना पाहायची.

सोमवारी पहिली नवी. तांबडं काही नाही. मंगळवारी दुसरी नवी. नाही. बुधवारी पहिली जुनी. नाही. गुरुवारी दुसरी जुनी. दुपारपर्यंत काही नव्हतं. जेवून आले आणि पाहिलं तर पडदा खालपर्यंत तांबडा झाला होता.

टेस्टर समोरच्या दुकानात आला होता, त्याला हाक मारली. त्याने ओळींवरून बोट फिरवलं. "पट्टी गरम झाली की चुकते ही. गार असताना शहाणी. आणि बघा, प्रत्येक ओळीत चूक एकच. इथे 'एफएफ' यायला हवं तर 'एफडी' आलंय. म्हणजे आठ दिव्यांची माळ धरा, त्यातला दुसरा दिवा पेटत नाही. बाकीचे सगळे पेटतात."

"नेहमी दुसराच?" मी विचारलं.

"नेहमी दुसराच. आणि तोही ठरलेल्या जागीच. म्हणून कॉम्प्युटर चालत राहतो, कुणाला पत्ता लागत नाही."

तर कारण सापडलं. ती पट्टी मी कचऱ्यात टाकली. नव्या दोन पट्ट्यांवर विज्ञानाच्या पहिल्या भागाची छपाई सुरू केली आहे, शंभराच्या पुढे पानं सुरळीत गेली. तुमचा वेळ घेतला. आता त्रास देणार नाही.

वहिनी


५ जुलै

भावजी,

पट्टी कचऱ्यात टाकलेली नाही. माझ्यासमोर टेबलावर आहे. टाकली असं का लिहिलं ते मला सांगता येत नाही. टाकली असती तर बरं, असं वाटलं असेल.

तुम्ही दोन रेघा ओढल्यात तेव्हाच तुम्हाला संशय आला असणार. मला गुरुवारी दुपारी टेस्टरच्या पुढ्यातच कळलं. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके, कॉम्प्युटरच्या पोटात ते सहा दिवे, पहिल्या ठिपक्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा. हे तुम्ही ह्यांना समजावत होतात तेव्हा मी बाजूलाच भाजी निवडत बसले होते. दुसरा ठिपका म्हणजे डाव्या रांगेतला मधला. तो गेला की सहाचा तीन होतो. सातचा चार. आठचा पाच. दोनचा एक.

तक्त्यांत हेच होतं. सहाच्या जागी तीन, आठच्या जागी पाच.

म्हणून त्या दिवसाबद्दल लिहिते. तुम्हाला माहीत आहे, पण मी ते कधी स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नाही.

गणिताचे सर दुपारी आले होते. लॉगॅरिदमच्या तक्त्यांचं, तुम्ही टाइप केलेलं आपलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. शेवटच्या वर्षाची अकरा मुलं ते घेऊन परीक्षेला बसली होती. चार नापास झाली, त्यांतली एक मुलगी वर्गात पहिली येणारी. सर म्हणाले, पान एकसष्ट, पान सत्तर, पान अठ्ठ्याहत्तर, आकडे चुकलेत. पुस्तक तिथेच ठेवून गेले.

मग मी बोलले. बांधणीवाला होता, बाई होत्या. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी तीनदा तपासलंय."

बाई म्हणाल्या, "प्रूफ माझ्या बोटांखालून गेलंय. बरोबर होतं."

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका." आणि तुम्हाला म्हटलं, "तपासायला डोळे लागतात."

बाईंच्या समोर म्हटलं, ज्यांना स्वतःला दिसत नाही. ज्या माणसाने हा छापखाना उभा केला त्याला जन्मापासून दिसत नव्हतं, त्याच्या खुर्चीला हात टेकवून म्हटलं. तुम्ही सहा वर्षांचे असताना ब्रेल शिकलात, मोठ्या भावाला चिठ्ठ्या लिहिता याव्यात म्हणून. ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. बाईंकडे पाहिलंत. मग चप्पल घातलीत.

तुमची मूळ फाईल मी तेव्हा उघडलीसुद्धा नव्हती. काल उघडली, नव्या पट्ट्यांवर. पान एकसष्टवर सहाच आहे. सत्तरवर आठ आहे. अठ्ठ्याहत्तरवर सात आहे.

तीन वर्षांत ते पाहायला मला पाच मिनिटं मिळाली नाहीत.

वहिनी


१३ जुलै

भावजी,

उत्तर आलं नाही. मागणारही नाही. पण मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं. ते वाचून तुम्हाला वाटलं असेल की वहिनीला परवा कळलं. तसं नाही.

तुम्ही गेल्यावर आठव्या दिवशी बाई दोन प्रती घेऊन माझ्यासमोर बसल्या. एक शाळेतून परत आलेली, एक आपल्या कपाटातली. दोन्हींत पान एकसष्ट उघडलं आणि माझं बोट धरून आधी एका पानावर टेकवलं, मग दुसऱ्यावर. "इथे तीन आहे. आणि इथे सहा. फाईल एक, छापलं एकाच दिवशी. माणूस चुकला असता तर दोन्हीकडे चुकला असता."

मी म्हटलं, "बाई, झालं ते झालं. आता उकरून काय मिळणार आहे?"

त्या म्हणाल्या, "मला काही मिळायचं नाहीये."

प्रती उचलून त्या घरी गेल्या. तो विषय त्यांनी परत काढला नाही, आणि गेली तीन वर्षं रोज साडेदहाला येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसत राहिल्या.

का गप्प बसले, ते लिहिते. चूक तुमची असली तर प्रकरण मिटलं होतं. चूक यंत्राची असली तर प्रत्येक पुस्तकावर संशय घ्यायचा, शाळाशाळांतून परत मागवायचं, पुन्हा वाचायचं. ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी थकले होते. सकाळी कुलूप उघडताना हात जड व्हायचे. कुणीतरी एक जण चुकला आणि तो गेला, हे मला पेलत होतं. त्याहून जास्त पेलत नव्हतं.

आणि तोवर मी शाळेला पत्रही दिलं होतं. "संबंधित व्यक्तीस कामावरून दूर केले आहे." ही ओळ माझी आहे. तुम्ही आपणहून गेला होतात, मी दूर केलं असं लिहिलं. शाळेने काम चालू ठेवलं ते त्या ओळीवर.

परवा बाईंना विचारलं, त्या दोन प्रती आहेत का हो अजून?

"आहेत," म्हणाल्या. "ट्रंकेत, तळाशी. तुम्ही कधीतरी मागाल म्हणून वर दुसरं काही ठेवलं नव्हतं. मग ठेवावं लागलं, फार दिवस झाले."

रागावून म्हणाल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

उद्या शाळेत जाते आहे.

वहिनी


२० जुलै

भावजी,

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका होत्या आणि गणिताचे तेच सर. दोन्ही प्रती, ती पट्टी आणि तपासणीचे आकडे वहीत उतरवून नेले होते. सगळं सांगितलं. मध्ये पाणी प्यायले नाही, थांबले असते तर पुढचं राहिलं असतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"आठ दिवसांनी कळलं."

"आणि सांगताय आज."

"हो."

सर बराच वेळ प्रती चाळत होते. मग म्हणाले, "पेपर परत आले तेव्हा त्या चौघांना मी आळशी म्हणालो होतो. वर्गात, सगळ्यांसमोर. तक्ते मी त्यानंतर चार दिवसांनी पाहिले." ते उठून खिडकीशी गेले. ती पहिली येणारी मुलगी पुढच्या वर्षी पास झाली, पण तोवर तिच्या घरच्यांनी तिला टेलिफोनच्या कामाला लावलं होतं. ती अजून तिथेच आहे. सरांनी तिचा पत्ता मला दिला. तिला काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.

शाळेचा निर्णय असा. गेल्या चार-पाच वर्षांतली सगळी पुस्तकं आपण परत घेऊन तपासायची, एकशे साठ भाग होतात. विज्ञानाच्या प्रत्येक प्रतीतलं प्रत्येक पान त्यांचा माणूस वाचणार, मगच घेणार. पुढच्या वर्षीचं काम ते दुसरीकडे देतील. यात मला काही बोलायला जागा नव्हती. मी फक्त एक मागितलं, की माझं जुनं पत्र फाईलमधून काढू नका, त्याच्यावर नवं लावा. नव्या पत्रात लिहिलं आहे की मजकूर भरणाऱ्याची चूक नव्हती, बिघाड यंत्रात होता, आणि आमच्याकडून खोटं कळवलं गेलं. त्याची शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे.

हे सगळं करून घरी आले तेव्हा जरा हलकं वाटत होतं. ते दोन तास टिकलं. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला.

त्यांनी तुम्हाला आलेली माझी पत्रं वाचली नाहीत, पण तुम्ही जेवत नाही म्हणून त्यांनी मला विचारलं, काय लिहिलंत? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, तीन वर्षांत ह्यांनी चष्मा चारदा बदलला. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणतात नंबर तोच आहे. ह्यांना पटत नाही. साधा अर्ज भरायचा तर माझ्याकडून भरून घेतात. लिहिलंच तर मोठ्या अक्षरात लिहितात आणि मला वाचायला लावतात, बरोबर आहे का म्हणून. ते आता गोदामात खोकी मोजतात, तुम्हाला माहीत आहे? एकाने मोजलं की दुसरा मोजतो, म्हणून ते काम त्यांना आवडतं."

मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रागावून बसला आहात. माझ्यावर रागवायचं तर आपलं बरोबर होतं अशी खात्री लागते. तुम्ही माझं खरं धरलंत. मी रागाच्या भरात एक वाक्य टाकलं आणि तुम्ही ते तीन वर्षं डॉक्टरांकडे तपासत फिरलात.

तुमचे डोळे चांगले आहेत, भावजी. तेव्हाही चांगले होते.

माफी हा शब्द मी लिहीत नाही. लिहिला की तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि नाही म्हणणं तुमच्या स्वभावात नाही.

वहिनी


२ ऑगस्ट

भावजी,

तुमच्या कार्डावर या वेळी एकच ओळ. "तक्त्यांची फाईल असेल तर नव्या रॅमवर एक प्रत छापून पाठवा, मला पाहायची आहे." आणि खाली सही.

विज्ञानाचं काम दोन दिवस बाजूला ठेवलं आणि ही प्रत छापली. चौऱ्याऐंशी पानं. बाईंनी दोनदा वाचली, एकदा पुढून आणि एकदा शेवटच्या पानापासून मागे. काही सापडलं का ते मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही तुमचं पाहा. ठिपके दबू नयेत म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली आहे, पोस्टातल्या माणसाला सांगितलंय की वर वजन ठेवू नका. तो हो म्हणाला, ठेवणार नाही असं काही नाही.

बाईंनी निरोप सांगितलाय. "म्हणावं, कितीही दिवस लागू देत."

वहिनी


११ ऑगस्ट

भावजी,

काल फोनवर जे बोलता आलं नाही ते लिहायला बसले आहे, आणि आता लिहायलाही फारसं काही नाही असं दिसतंय.

नंबर अनोळखी होता, म्हणून आधी मी उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. विज्ञानाच्या तिसऱ्या भागाची पानं लावत होते. शाळेने पहिले दोन भाग घेतले, त्यांच्या वाचकाला काही सापडलं नाही. परत आलेल्या पुस्तकांपैकी तेवीस भाग बाईंचे वाचून झालेत, त्यांत दोन ठिकाणी तोच ठिपका गेलेला निघाला. अजून एकशे सदतीस आहेत. वर्ष जाईल. हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं, कारण तुम्ही विचारलं असतंत. तुम्ही विचारलं नाहीत आणि माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी चार दिवस तेच वाचतोय. सगळी पानं."

मी म्हटलं, "हं."

"हिलाही नाही, कुणालाच दाखवलं नाही. एकट्यानेच वाचलं."

"हं."

मग तुम्ही म्हणालात, "एकही चूक नाही."

तेव्हा मला बोलता आलं. म्हटलं, "नव्हतीच, भावजी."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला, मग आणखी एक. तुम्ही फोन ठेवला नाहीत, आणि मीही बराच वेळ तो तसाच कानाशी धरून उभी राहिले.

वहिनी